आमचा ढवळ्या आणि माळावरचीं गिधाडें

दयाबुद्धीनें केलेल्या कृत्यांतूनहि एखाद्या निरपराध जीवाचा घात घडूं शकतो, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

कोंकणांत आमच्या आजोळीं ढवळ्या नांवाचा बैल होता. सन १९९८ च्या उन्हाळ्यांत त्याचा पाय सुजून तो गोठ्यांत पडून राहिला. मामांनीं तालुक्याच्या गांवाहून औषध आणवून त्यास टोंचविलें. कुपीवरचें ‘डायक्लोफिनॅक’ हें नांव आम्हीं अडखळत वाचलें. ढवळ्याच्या वेदना शमल्या. परंतु दुसऱ्याच दिवशीं तो गेला. रीतीप्रमाणें त्यास माळावर टाकण्यांत आलें. पाहतां पाहतां गिधाडें उतरलीं. आदल्या रात्रीं आजीकडून जटायूची कथा ऐकून डोळे पुसणारे आम्ही, त्याच्याच वंशजांस दगड मारूं लागलों! मामा म्हणाले, “मुलांनो, थांबा. तीं आहेत म्हणून गांवांत रोगराई नाहीं.”

कांहीं वर्षांनीं त्याच माळावर गेलों, तों मेलेल्या गुरांभोंवतीं मोकाट कुत्रीं दिसलीं. गिधाड एकहि दिसलें नाहीं.

सन २००४ मध्यें संशोधकांनीं याचें कारण उघड केलें. डायक्लोफिनॅक दिलेलें जनावर लवकरच मेलें, तर तें औषध मांसावाटे गिधाडांच्या पोटांत जातें व त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होतात. सन १९९२ ते २००७ या अवधींत भारतांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें ९९ टक्क्यांहून अधिक घटलीं. हा वृत्तांत वाचतांना आम्हांस ती कुपी आठवली आणि मान खालीं गेली.

सुदैवानें चूक उमगतांच उपायहि सुरू झाले. सन २००६ मध्यें भारत सरकारनें गुरांसाठीं हें औषध बंद केलें. गिधाडांस न बाधणारें मेलॉक्सिकॅम त्याच्या जागीं आलें. माणसांसाठीं असलेल्या मोठ्या कुप्या लोक चोरून गुरांस वापरीत. सन २०१५ मध्यें त्यांवरहि बंदी आली. हरियाणांतील पिंजोर येथें गिधाडें पाळून त्यांचीं पिलें वाढविण्यांत येऊं लागलीं. तरी ही भरपाई मंद आहे. कारण गिधाडाची मादी वर्षास एकच अंडें घालते.

गतवर्षीं आजोळीं गाय आजारी पडली. वयोवृद्ध मामा डॉक्टरांस म्हणाले, “औषध द्या, पण गिधाडांस चालेल असेंच द्या.” त्या माळावर अद्याप गिधाड फिरकलेलें नाहीं, तरी मामांनीं त्याची वाट मोकळी ठेविली आहे. बालमित्रांनो, ज्यांच्या घरीं गुरें आहेत त्यांनीं मामांचें हें वाक्य वडील मंडळींस सांगावें, इतकीच विनंति.