डाळ-तांदळाचं सील

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून नागपूरला ताईंकडे लॅपटॉप पाठवला होता. आम्ही दोघी कामगार बायकांच्या मुलाखती घेतो आणि त्यांची खरी नावं त्या लॅपटॉपमध्ये असतात. खोकं पोचलं तेव्हा एका बाजूची चिकटपट्टी किंचित तिरकी दिसली. कुणी उघडलं होतं की हाताळताना सरकली होती? कुरिअरवाल्यांना सांगता येईना. मजकूर कूटबद्ध होता, पण कुणी आत एखादं यंत्र बसवलं असेल तर टाइप केलेला पासवर्डच चोरीला जातो. तो लॅपटॉप आम्ही पुन्हा वापरला नाही.

त्यानंतर अशी छेडछाड ओळखायची कशी ते वाचायला लागले. २०१३ च्या डिसेंबरात हॅम्बुर्गच्या एका परिषदेत एरिक मिशो आणि रायन लॅकी यांनी लॅपटॉपच्या स्क्रूंवर चमकीची नेलपॉलिश लावून तिचा फोटो ठेवायला सांगितलं होतं. छापील सील सोलून परत चिकटवता येतं, नाहीतर तसंच दुसरं छापता येतं. चमकीचे कण कसे पसरतील ते लावणाऱ्यालाही ठरवता येत नाही. आख्ख्या वस्तूभोवती डाळी-तांदूळ भरून त्यांच्या नक्षीचा फोटो ठेवायची युक्तीही वाचनात आली.

मग घरीच करून पाहिलं. लॅपटॉप पॉलिथिनमध्ये गुंडाळला, कपड्यांच्या पारदर्शक व्हॅक्यूम पिशवीत ठेवला आणि भोवती तांदूळ ओतून हवा काढली. फोटोत नुसता पांढरा पट्टा! मग मसूर, मूगडाळ, काळे उडीद आणि तांदूळ एकत्र केले. पिशवी रिकामी करून तेच धान्य पुन्हा भरलं, तर नक्षी पार वेगळी. मी स्वतः केलेली नक्षी मलाच परत जमली नाही, तेव्हा माझा विश्वास बसला.

तरी पहिलं पाकीट फसलं. पिशवीचा व्हॉल्व्ह हळूहळू हवा घेत होता, त्यामुळे नागपूरला पोचेपर्यंत दाणे आपोआप सरकले. ताईंचा फोन आला, "अगं, खालचा कोपरा जुळत नाही." त्या रात्री आम्ही दोघी झोपलो नाही. पुढच्या खेपेला मी जाड पिशवी आणली आणि तोंड यंत्राने वितळवून बंद केलं. पाठवण्याआधी दोन दिवस पाकीट घरीच ठेवलं. एक दाणाही हलला नाही.

चारही बाजूंचे फोटो आधीच सिग्नल अ‍ॅपवरून पाठवले होते. ताईंनी त्याच कोनातून नवे काढले आणि जुना-नवा आलटून पालटून पाहिला. काही हललं असतं तर ते तिथेच लुकलुकलं असतं. अर्धा तास त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "जुळतंय गं, सगळं जुळतंय."

या सीलने चोरी थांबत नाही, पाकीट कुणी उघडलं तेही कळत नाही. उघडलं गेलं एवढंच कळतं, आणि तेही फोटो असला तरच. दुसऱ्यांची नावं तुमच्या भरवशावर असतील तर पाकीट घराबाहेर जाण्याआधी फोटो काढा, आणि तो पाकिटाबरोबर पाठवू नका.