सात वजाबाक्या

६१७४ या संख्येकडे सगळ्या वाटा उतरतात. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमानं मांडावेत, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करावी. उत्तरावर पुन्हा तेच. पुढं शून्य आलं तरी त्याची जागा राखावी. फार तर सात वजाबाक्या, की ६१७४ हजर. आणि तिथून पुढं वाट नाही. ७६४१ मधून १४६७ गेले की उरतात पुन्हा ६१७४.

हे पहिल्यांदा पाहिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. डहाणूचा जन्म, देवळालीच्या शाळेत मास्तरकी, आणि उरलेला सगळा जीव अंकांवर. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये तो जगापुढं नेला.

आमच्या मोहगावात बसून मी आमचीच सालं या वाटेवर सोडतो. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि सौंसर-पांढुर्ण्याचा हा मराठी पट्टा मध्य प्रदेशात राहिला. १९५६ : ८०८२, ८५३२, ६१७४. पांढुर्णा जिल्हा झाला ते २०२३ : २९९७, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४.

मग कापरेकरांचं जन्मसाल घेतो, १९०५. ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. पूर्ण सात वजाबाक्या, सगळ्यांत लांबची वाट! ते गेले १९८६ साली. त्या सालाची पहिलीच वजाबाकी ८१७२ देते. म्हणजे जन्मसाल आणि मृत्युसाल ८१७२ वर भेटतात आणि पुढची वाट बरोबर चालतात. हा योगायोगच, पण मला तो फार प्रिय आहे.

६१७४ चं अंतरंगही देखणं आहे. अंकांची बेरीज १८, आणि १८ नं तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’ हे नाव दिलं. भागाकार येतो ३४३, म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात. शिवाय १८, त्याचा वर्ग ३२४ आणि त्याचा घन ५८३२ यांची बेरीज करा : ६१७४.

पण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते यामागचं कारण. अंक ओळीनं लावले की मूळ संख्येची मांडणी पुसली जाते. उत्तर ठरवायला दोनच गोष्टी उरतात : सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्याची ९९९ पट आणि दुसऱ्याची ९० पट मिळवली की वजाबाकीचं उत्तर तयार. पहिला फरक १ ते ९, दुसरा शून्यापासून फार तर पहिल्याइतका. अशा जोड्या होतात ५४. जवळजवळ नऊ हजार संख्या एकाच वजाबाकीत ५४ उत्तरांत मावतात.

म्हणून मोहगावच्या पाचवीतल्या पोरीनं केवळ चमत्कार पाहून थांबू नये. तिनं वहीत ५४ ओळी आखाव्यात, प्रत्येक उत्तर ६१७४ पर्यंत न्यावं. शेवटची ओळ संपेल तेव्हा संपूर्ण सिद्धता तिच्या स्वतःच्या अक्षरात लिहिलेली असेल, आणि ती कुणाच्या शब्दावर विसंबून राहणार नाही.