पहिल्या तासाची साक्ष

जिवंत पेशी स्थिर केल्यावाचून तिच्या अंतरंगातील सूक्ष्म रचना डोळ्यांना गोचर होत नाही, आणि ती स्थिर केली की ज्या हालचालीच्या शोधासाठी सारा खटाटोप आरंभिला ती हालचालच लोपून जाते, हा पेशीशास्त्राच्या धंद्यातील जुना पेच आहे. सागरी अर्चिन या काटेरी, गोलाकार समुद्रजीवाच्या अंड्यात फलनानंतरच्या पहिल्या तासात काय घडते हे पाहण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्या सर्व काळात या पेचाशी माझा रोजचा व्यवहार असे, आणि त्यातून जी एक समजूत पक्की झाली ती आज सांगावयाची आहे.

हे काम मी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, खडकांच्या खळग्यांत वास्तव्य करणाऱ्या जांभळ्या अर्चिनवर केले. या प्राण्याच्या तोंडाभोवतालच्या मऊ पडद्यातून पोटॅशियम क्लोराइडचे अर्धमोलर द्रावण बेताने आत सोडले म्हणजे थोड्याच अवकाशात त्याच्या माथ्यावरील पाच सूक्ष्म छिद्रांतून बीज पाझरू लागते: मादी असेल तर पिवळसर, नर असेल तर दुधासारखे पांढरे. मादी समुद्राच्या गार पाण्याने भरलेल्या चंचुपात्रावर पालथी ठेवावी, म्हणजे अंडी आपोआप तळाशी उतरतात. नराचे बीज मात्र कोरडेच गोळा करून बर्फावर ठेवावे, कारण पाण्याचा स्पर्श होताच शुक्रजंतू धावू लागतात आणि त्यांची शक्ती लवकर सरते. बहुतेक प्राण्यांचे अंडे शुक्रजंतू येईपर्यंत न्यूनीकरण विभाजनाच्या मध्येच कोठेतरी थांबलेले असते. अर्चिनचे अंडे ते विभाजन पुरे करूनच बाहेर पडते. त्यात शिवाय ते पारदर्शक, आकाराने मिलिमीटरच्या बाराव्या हिश्शाएवढे, आणि एकाच वेळी लाखोंच्या संख्येने मिळणारे. त्यामुळे गेली दीडशे वर्षे फलनाच्या अभ्यासकांनी याच प्राण्याच्या दारी मुक्काम ठोकलेला आहे.

दोन्ही बीजे एकत्र केली की मिनिटाभरात अंड्याभोवती फलनकवच उचलले जाते आणि मागाहून येणाऱ्या शुक्रजंतूंना आतली वाट बंद होते. आत शिरलेला शुक्रजंतू अर्धवर्तुळ फिरतो, जेणेकरून त्याच्या डोक्याच्या बुडाशी असलेली तारककेंद्रांची जोडी अंड्याच्या अंतर्भागाकडे वळावी. आणि त्या जोडीभोवती अंड्याच्याच साठ्यातील प्रथिने जमून सेंट्रोसोम उभा राहतो. ट्युब्युलिन या प्रथिनाच्या, लांबीने केवळ 8 नॅनोमीटर असलेल्या घटकांपासून 25 नॅनोमीटर जाडीच्या पोकळ सूक्ष्मनलिका त्यातून चहूकडे वाढू लागतात, आणि पाहता पाहता अंड्याच्या एका कडेला शुक्रतारका प्रकट होते. तिचे किरण मादीच्या पूर्वकेंद्रकापर्यंत, म्हणजे अंड्याच्या स्वतःच्या केंद्रकापर्यंत, पोहोचताच, आतापर्यंत निश्चल असलेले ते पूर्वकेंद्रक किरणांच्या आधाराने सेंट्रोसोमच्या दिशेने त्वरेने येऊ लागते. तारका मात्र संथपणे अंड्याच्या मध्याकडे सरकत असते. हा मध्य तिला कसा सापडतो, असा प्रश्न पडतो. डायनीन नावाची प्रथिने अंड्याच्या रसात राहून सूक्ष्मनलिकांना ओढीत असतात. रस्सीखेचीत ज्या बाजूचा दोर लांब त्या बाजूस अधिक गडी लागावेत, त्याप्रमाणे लांब नलिकेवर अधिक डायनीन काम करतात, आणि म्हणून तारका जिकडे मोकळी जागा अधिक तिकडे, अर्थात मध्याकडे, ओढली जाते. कोणी हुकूम देणारा नसताना केवळ लांबीच्या तफावतीतून हा बंदोबस्त होतो, हे प्रथम ध्यानी आले तेव्हा मला वाटलेले आश्चर्य अद्याप ओसरलेले नाही.

मादी आणि नर अशा दोन पूर्वकेंद्रकांचा संगम 1876 साली ऑस्कर हर्टविग यांनी अर्चिनच्याच अंड्यात पाहून नोंदविला. परंतु शुक्रजंतू आनुवंशिक द्रव्याखेरीज आणखी काय आणतो, हा मामला थेओडोर बोव्हेरी यांनी हाती घेतला. सेंट्रोसोमचे नामकरण 1888 मध्ये त्यांनीच केले. पक्व अंड्यापाशी विभाजनाची सर्व सामग्री असते, केवळ सेंट्रोसोम नसतो. शुक्रजंतूपाशी तो असतो, परंतु सामग्री नसते. आणि फलन म्हणजे या दोन उणिवांची परस्परांकडून होणारी भरपाई, असा त्यांचा सिद्धांत होता. एका अंड्यात दोन शुक्रजंतू शिरले तर काय होते याचीही त्यांनी तपशीलवार रुजुवात केली: दोन सेंट्रोसोमांचे चार ध्रुव होतात, अंडे एकदम चार भागांत विभागते, गुणसूत्रांची वाटणी विषम होते, आणि अशी बहुतेक भ्रूणे विकृत होऊन मरतात. या विषम वाटणीवरून, प्रत्येक गुणसूत्राचे कार्य निराळे असले पाहिजे, हा निष्कर्ष त्यांनी 1902 मध्ये मांडला. आणि पुढे 1914 मध्ये घातक अर्बुदांच्या उत्पत्तीचा विचारही याच अनुभवाच्या पायावर केला. सिद्धांतास एक दुरुस्ती मात्र करावी लागली. 1899 साली जाक लोब यांनी समुद्राच्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण बदलून शुक्रजंतूवाचून अर्चिनच्या अंड्यांचा विकास घडविला. अशा अंड्यांत नव्याने तारका उत्पन्न होतात, म्हणजे केंद्र निर्माण करण्याची शक्ती अंड्यात सुप्त असते. तेव्हा शुक्रजंतूची खरी देणगी केंद्र ही नव्हे, तर नेमके एकच केंद्र, ही आहे.

आता कारागिरीविषयी. सूक्ष्मनलिका थंडीने विरघळतात आणि कॅल्शियमनेही मोडतात. म्हणून अंडी फलनापासून अखेरपर्यंत 15 अंश तपमानातच राखावी लागतात, आणि कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या द्रावणातून नेल्यावरच उणे 20 अंशांच्या मेथॅनॉलमध्ये टाकावी लागतात. तेथे मात्र स्थिरीकरण इतके तत्काळ होते की थंडीला आपले काम करण्यास अवसर मिळत नाही. फलनकवच कठीण झाले तर रंगविण्यासाठी लागणारी प्रतिपिंडे आत शिरत नाहीत, म्हणून ते कठीण होऊ न देणारे रसायन आधीच पाण्यात घालून, अंडी बारीक जाळीतून हलक्या हाताने गाळावी लागतात. अखेर ट्युब्युलिनला ओळखणारे प्रतिपिंड आणि त्यावर प्रतिदीप्त रंग चढविला म्हणजे काळोख्या क्षेत्रात हिरवी तारका झळकते. ती पाहून मन प्रसन्न होते, यात संशय नाही. परंतु त्याच क्षणी शंकेलाही जागा द्यावी लागते.

कारण ही शंका या शास्त्रात पूर्वी एकदा फार गंभीर रूपाने उपस्थित झाली होती. विभाजनाच्या वेळी दिसणारे तुर्कतंतू खरोखर पेशीत असतात, की स्थिरीकरणाच्या रसायनांनी गोठलेल्या रसाचा तो आभास आहे, याविषयी थोर अभ्यासकांत दशकानुदशके मतभेद होते. 1952 मध्ये डॅनियल मेझिया आणि कात्सुमा दान यांनी अर्चिनच्या अंड्यांतून विभाजनाची संपूर्ण यंत्रणा अलग काढून दाखविली. आणि 1953 मध्ये शिन्या इनोउए यांनी स्वतः सुधारलेल्या सूक्ष्मदर्शक यंत्राने, ध्रुवीकृत प्रकाशात, जिवंत पेशीतील तंतू प्रत्यक्ष दाखविले. त्या साक्षीपुढे वाद मिटला. रंगविलेली काचपट्टी हा दप्तरातला कागद. त्याची खातरजमा जिवंत पेशीनेच करून द्यावी लागते, हा शिरस्ता तेव्हापासून या धंद्यात रूढ झाला, आणि तो न्याय्य आहे.

मीही तोच पाळला. प्रत्येक काचपट्टीच्या जोडीला त्याच खेपेची काही अंडी जिवंत ठेवून, दीड-दोन तासांनी पहिली विभाजनरेषा उमटेपर्यंत मी पाहत बसे. जिवंत अंड्यात तारका दिसते ती किरणांमुळे नव्हे. पीतककण बाजूस सारले गेल्याने मध्ये जो स्वच्छ प्रदेश उरतो त्यावरून ती ओळखावी लागते. परंतु ती कधी उगवली, किती वेळ वाढली, संगमानंतर कशी मावळली आणि दोन ध्रुवांशी पुन्हा कशी उभी राहिली, हा क्रम केवळ तेथेच अखंड मिळतो. काचपट्टीवर प्रत्येक सूक्ष्मनलिका चिरस्थायी भासते; वस्तुतः ती क्षणोक्षणी बांधली आणि मोडली जात असते, आणि या अस्थैर्यामुळेच मादीचे पूर्वकेंद्रक शोधणे तिला साधते.

माणसाच्या बाबतीतही तारककेंद्र शुक्रजंतूच आणतो. उंदराच्या शुक्रजंतूत ते नसते. म्हणजे प्रयोगशाळेत सदैव हाताशी असलेल्या उंदरापेक्षा या एका गोष्टीत समुद्रतळाचा अर्चिन आपल्याला अधिक जवळचा आहे, आणि ज्या काही जोडप्यांत फलनानंतर शुक्रतारका नीट उभी राहत नाही त्यांच्या दुःखाचे कारण उलगडण्यास हीच अंडी उपयोगी पडतात. म्हणून या वाटेने येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, रंगविलेली चित्रे हवी तितकी जमवावीत, प्रतिपिंडांची निवड कसोशीने करावी, परंतु त्यापूर्वी एक अंडे फलनापासून पहिल्या विभाजनापर्यंत, मध्ये न उठता, जिवंत पाहावे. आणि जे त्यात घडताना पाहिले नाही ते चित्रावरून सिद्ध झाले असे कोणालाही सांगू नये.