एरंडोलचा कागद आणि काचेचा तंतू

एरंडोलला जायला वाट वाकडी करावी लागत नाही. अवघड असते ते तिथे थांबणे. धुळ्याहून पारोळ्यावरून जळगावकडे जाणारा हमरस्ता या गावाजवळूनच जातो. त्यामुळे प्रवासी गाडीच्या खिडकीतून गावाकडे एक नजर टाकतो आणि पुढच्या मुक्कामाचा विचार करू लागतो.

गाव मात्र जुने आहे. अंजनीकाठची ही वस्ती म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असे इथले लोक मानतात. बकासुराला रोज गाडाभर अन्न जाई, घराघराची पाळी ठरलेली असे आणि भीमाने एके दिवशी तो प्रघात कायमचा मोडला, ही कथा इथे आजही ऐकायला मिळते. संशोधक यावर मान हलवतील. हलवोत बापडे!

मला या गावाची ओढ वेगळ्या कारणाने होती. एके काळी एरंडोल जाड्याभरड्या देशी कागदासाठी नावाजलेले होते, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तो धंदा थोडाबहुत तग धरून होता. आपल्याकडचा हातकागद साधारणपणे ताग, जुने दोर, गोणपाट यांपासून होई. ते कुटायचे, चुन्यात भिजवायचे, नदीत धुवायचे; लगदा साच्यावर उचलायचा, ताव भिंतीवर वाळवायचा, खळ लावायची आणि दगडाने घोटायचा. एवढे झाल्यावर बोरूतून मोडी अक्षर उतरायचे. आपल्या सावकारांच्या वह्या आणि दप्तरखान्यांतले रुमाल अशाच कागदांवर उभे आहेत.

बरोबर माझा एक जुना विद्यार्थी होता. मराठीत त्याची गती बेताचीच. पण आता पुण्यात बँकांची माहिती साठवणारी यंत्रे सांभाळतो. माझे कागदपुराण ऐकून तो म्हणाला, "सर, म्हणजे तुमचा कागदही तंतूंचाच! आमचे दुकानही तंतूवरच चालते. फायबर चॅनल म्हणतात त्याला."

रिक्षा करून आम्ही पद्मालयाकडे निघालो आणि वाटेत मी विद्यार्थी झालो. बँकेचा हिशेब करणारे यंत्र वेगळे आणि तो जपून ठेवणाऱ्या तबकड्या वेगळ्या. त्या दोहोंमधल्या रस्त्याचे हे नियम. पूर्वी 'स्कझी' नावाच्या पद्धतीत पुष्कळ तारा शेजारी शेजारी असत. सोळा बिटे, म्हणजे एक किंवा शून्य अशा सोळा खुणा, सोळा तारांतून एकदम निघत. जितक्या तारा तितका वेग, असे कोणालाही वाटेल. पण वेग वाढला की एखादी खूण किंचित आधी पोचे, दुसरी मागे राही आणि शेजारणींची कुजबुजही एकमेकींत मिसळे. सेकंदाला 320 मेगाबाइटपर्यंत मजल गेली खरी, पण तार 12 मीटरपलीकडे नेता येईना.

यावरचा उपाय उलटा निघाला. 1988 मध्ये काम सुरू होऊन 1994 मध्ये अमेरिकेत फायबर चॅनलचे मानक मंजूर झाले. त्यात सगळ्या खुणा एकाच ओळीने, एकामागून एक जातात. "बकासुराच्या गाड्यासारख्या, पाळीपाळीने," मी म्हटले. तो हसला. सुरुवातीच्या पिढ्यांत दर आठ बिटांच्या जागी दहा पाठवीत. त्यामुळे ओळीत चढउतार पुरेसे राहत आणि घेणाऱ्याला त्यातूनच ताल सापडे. वेगळा टाळ धरावा लागत नसे. पुढे या पद्धतीने सेकंदाला 64 गिगाबिटचा टप्पाही गाठला.

मला सर्वांत आवडला तो तिचा शिष्टाचार. माहितीचे गठ्ठे बांधतात. एका गठ्ठ्यात फार तर 2112 बाइट माल. आपल्याकडे किती खण रिकामे आहेत, हे घेणारा आधीच सांगतो. तितकेच गठ्ठे सुटतात. खण मोकळा झाला की उलट खूण येते आणि मगच पुढचा गठ्ठा निघतो. इंटरनेटच्या रस्त्यावर गर्दी झाली तर गठ्ठा टाकून देतात आणि नंतर पुन्हा पाठवतात. इथे तशी वेळच येऊ नये अशी तजवीज असते. या रिकाम्या खणांच्या हिशेबाला तो 'क्रेडिट' म्हणाला. आपला जुना शब्द 'पत' इथे किती चपखल बसतो!

पद्मालयाला उजव्या आणि डाव्या सोंडेच्या दोन गणेशमूर्तींचे दर्शन घेऊन आम्ही तळ्याकाठी बसलो. एरंडोलपासून हे ठिकाण दहाएक किलोमीटर. तो म्हणाला, "लांब पल्ल्याच्या काचतंतूचा नेहमीचा टप्पा एवढाच, सर. प्रकाशाला इथवर यायला सेकंदाचा वीस हजारावा भाग लागतो. म्हणून एक प्रत एरंडोलला आणि दुसरी पद्मालयाला ठेवता येते. दोन्हीकडे लिहून झाल्याशिवाय यंत्र 'झाले' म्हणत नाही."

थोडा वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, "आमच्या घरी वाटणीचा एकच कागद होता, आजीच्या ट्रंकेत. वाळवी लागली. आजोबा आणि त्यांचे भाऊ, दोघेही सच्चे. पण बांध कुठे ठरला होता ते दोघांना वेगवेगळे आठवे. पुढे दोन घरांत बोलणे राहिले नाही. माझे वडील चुलत्यांच्या दहाव्यालाही गेले नाहीत."

मला काही बोलता आले नाही. कागद चांगला होता, अक्षरही चांगले असेल. उणी होती ती दुसरी प्रत आणि तिच्यापर्यंत जाणारी वाट. जतन करणे म्हणजे पेटीला कुलूप लावणे, असे आपण समजतो. खरे तर जतन म्हणजे पोचवणे: वेळेवर, क्रमाने आणि पलीकडे कोणीतरी घ्यायला तयार आहे याची खात्री करून.

वाचकहो, लक्ष्मीपूजनाला वही पुजाल तेव्हा हळदकुंकू वाहून झाल्यावर घरातल्या महत्त्वाच्या कागदाची एक नक्कल काढा आणि ती बहिणीच्या नाहीतर भावाच्या घरी नेऊन द्या. त्या निमित्ताने फराळही होईल.