कॅसल नटची खाच

ऊसवाहतुकीच्या ट्रॉलीच्या हबमध्ये लहान तोंडे समोरासमोर ठेवून बसवलेल्या दोन निमुळत्या रोलर बेअरिंगांना किती सैल सोडावे, हा प्रश्न बाहेरच्याला क्षुल्लक वाटत असला तरी आष्टा, कारंदवाडी, वाळवा या पट्ट्यातील गॅरेजांचे गळीत हंगामापूर्वीचे दिवस बहुतांशी याच प्रश्नाभोवती फिरत असतात. बेअरिंग उतरवणे, धुणे, जुना कप, म्हणजे बेअरिंगची बाहेरची कडी, ठोकून काढणे, नवा बसवणे आणि ग्रीस भरणे ही कामे कोणत्याही पोऱ्याला येतात, त्यामुळे त्यांविषयी लिहिण्याचे कारण नाही. अडते ते शेवटी, स्टबवर, म्हणजे धुरीच्या आटे पाडलेल्या टोकावर, कॅसल नट चढवल्यानंतर. या नटाच्या डोक्यावर सहा खाचा असतात आणि त्यांपैकी एक खाच स्टबमधील आडव्या छिद्रासमोर आणून त्यातून कॉटर पिन घालावी लागते, म्हणजे चालत्या चाकावर नट स्वतःहून फिरत नाही. नट जितका आवळावा तितके रोलर कपात घट्ट बसतात. अधिक आवळल्यास हब तापते आणि ग्रीस पातळ होऊन बाहेर येते, तर कमी आवळल्यास चाक डुलते आणि रोलर कपाच्या कडेवर आपटत राहतात. हाताला जेथे नट थांबावासा वाटतो तेथे खाच छिद्रासमोर नसते, ही या कामातील जुनी आणि न सुटणारी अडचण आहे.

अडचणीचे मूळ साध्या गणितात आहे. स्टबच्या आट्यांचा पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचे अंतर, दीड मिलीमीटर धरल्यास एका खाचेचे फिरणे, म्हणजे साठ अंश, नटाला ०.२५ मिलीमीटर आत नेते. हबमध्ये हवी असणारी आडवी फट मात्र साधारण ०.०५ ते ०.१५ मिलीमीटर एवढीच असते, म्हणजे नटाचे एक पाऊल संपूर्ण मुभेच्या अडीचपट मोठे ठरते. स्टबला काटकोनात दोन छिद्रे असल्यास पाऊल निम्मे होऊन ०.१२५ वर येते, तरीही ते मुभेहून थोडे मोठेच राहते. याचा अर्थ असा की नुसता नट फिरवून योग्य जागा सापडणे हा योगायोग असतो, आणि ती दर वेळी सापडते असे सांगणारा कारागीर एक तर मोजत नाही किंवा खोटे बोलतो.

निमुळत्या रोलरची ही रचना सेंट लुइस येथील घोडागाड्या बनवणारे हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली पेटंट केली, आणि तिचा हेतू वळणावर चाकाला बसणारा आडवा रेटा पेलणे हा होता. बैलगाडीच्या लाकडी तुंब्यात, म्हणजे आरे जेथे येऊन मिळतात त्या मधल्या ठोकळ्यात, हा रेटा वंगण आणि ढिलेपणा यांवर भागवला जात असे; चाक आसावर मोकळेपणाने सरकत असे, आणि कोणाला त्याचे वावडे नव्हते. ती मोकळीक टायरच्या, वेगाने धावणाऱ्या चाकाला परवडत नाही. दोन ट्रॉल्या मिळून पंधरा-वीस टन ऊस घेऊन ट्रॅक्टर पेठ–सांगली रस्त्यावरून राजारामबापू, हुतात्मा किंवा सर्वोदय कारखान्याकडे जात असताना खड्ड्यात उतरलेल्या एका चाकावर क्षणभर जो भार येतो, तो बैलगाडीच्या चाकावर आयुष्यात येत नसे.

ब्रेकचा विचारही याच फटीशी जोडलेला आहे. या भागातील बहुतेक जुन्या ट्रॉल्यांना ब्रेक नसतातच. उतारावर सगळा रेटा ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो, आणि उभ्या ट्रॉलीच्या चाकाखाली उटी, म्हणजे दगड, लावून काम भागवले जाते. टायरगाडीच्या बाबतीत तोच रेटा जुवातून थेट बैलांच्या मानेवर जातो, ही गोष्ट ज्यांनी उतारावर मागे सरणारे बैल पाहिले आहेत त्यांना सांगावी लागत नाही. ज्या ट्रॉल्यांना ड्रम आणि शू बसवलेले असतात त्यांत हब ढिले असल्यास ड्रम डुलतो, शूंना मागे ढकलतो आणि पुढच्या वेळी ब्रेकचा अर्धा दाब शू ड्रमपर्यंत आणण्यातच खर्च होतो. घट्ट हब तापून सील जाळते आणि ग्रीस लायनरवर उतरते. असे लायनर पेट्रोलने धुऊन, वर घासकागद मारून पुन्हा बसवणारी गॅरेजे आहेत. थंड असताना असा ब्रेक लागतोही, परंतु तापल्यावर आत मुरलेले ग्रीस पुन्हा पृष्ठावर येते, आणि ते नेमके उतारावर येते.

पुराने या सर्व प्रकरणात एक नवी गुंतागुंत आणली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४५ फुटांची धोक्याची खूण ओलांडून सत्तावन्न फुटांवर गेली, तेव्हा नदीकाठच्या गावांतून माणसे, जनावरे आणि धान्य हलवण्यासाठी उसाच्याच ट्रॉल्या पाण्यात घालण्यात आल्या. धावून तापलेले हब थंड पाण्यात बुडले की आतील हवा आकसते आणि सीलच्या ओठावरून पाणी आत खेचले जाते. एकेरी ओठाचे सील आतले ग्रीस राखण्यासाठी आत तोंड करून बसवलेले असते, त्यामुळे बाहेरून येणारा दाब त्या ओठाला बंद करण्याऐवजी उचलतोच. परदेशांत नावा पाण्यात सोडण्यासाठी ट्रेलर उतारावरून मागे पाण्यात घालण्याची पद्धत असल्याने तेथील कारागिरांना हा रोग नित्याचा आहे, आणि त्यावर उपाय म्हणून हबच्या टोपीत स्प्रिंग बसवून ग्रीस सतत किंचित दाबाखाली ठेवले जाते. आपल्याकडे पूर ओसरल्यावर ट्रॉली गोठ्याशेजारी उभी राहते ती थेट ऑक्टोबरपर्यंत. तोवर दुधाळ झालेल्या ग्रीसमध्ये रोलर कपाला जेथे टेकलेले असतात तेथे गंजाच्या समांतर रेषा उमटतात, ज्यांतील अंतर रोलरांमधील अंतराएवढेच असते. या रेषा पाहून चाक झिजून नव्हे, तर उभे राहून गेले हे ओळखता येते. अशा कपावर नट कितीही अचूक आवळला तरी फट एका जागी एक आणि अर्धा फेरा पुढे दुसरीच लागते, आणि खाचेचा सारा खटाटोप निरर्थक ठरतो. तो कप फेकावाच लागतो; मालक कितीही म्हणाला तरी तो घासून चालवू नये.

हाताने फट ओळखण्याविषयी या व्यवसायात मोठा अभिमान आहे, आणि प्रस्तुत लेखक त्याला अपवाद नाही. टायरच्या वरच्या आणि खालच्या कडेला हात लावून झटका दिला असता हबमधील फट काही पटींनी मोठी होऊन तळहाताला जाणवते, त्यामुळे ही पद्धत अडाणीपणाची मुळीच नाही. तथापि या लेखकाने अनेक वर्षे डायल गेज, म्हणजे मिलीमीटरचा शंभरावा भाग सुईने दाखवणारे यंत्र, वापरले नाही, ते यंत्रावरील अविश्वासामुळे नव्हे. ट्रॅक्टरमालक, ड्रायव्हर आणि चहाच्या टपरीवरून उठून आलेली माणसे पाहत असताना डोळे मिटून एक झटका द्यावा आणि ‘बसलं’ म्हणावे, यात जो मान होता तो सुईच्या साक्षीने अर्धा झाला असता. कॉटर पिनचे दोन्ही पाय स्टबच्या तोंडावर परस्परविरुद्ध वळवण्याची खूणही याच हौसेची आहे. तिचा हबला काडीचा उपयोग नाही, पण टोपी काढताच काम कोणाचे ते कळावे एवढाच तिचा हेतू. मापाची परंपरा या भागात नव्हती अशी सबबही सांगता येत नाही, कारण लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर उभारलेला कारखाना येथून फार दूर नाही.

वयाबरोबर तळहाताची जाण बोथट झाली तेव्हा हा अभिमान अडचणीचा ठरू लागला. हाताला घट्ट वाटणाऱ्या हबवर शिकाऊ मुलाने डायल लावला असता सुई ०.२० दाखवते, आणि तो काही न बोलता सुईकडे पाहत राहतो, हे सहन करणे बेअरिंग बदलण्याहून अवघड आहे. त्यातल्या त्यात समाधान एवढेच की महामार्गालगतच्या नव्या गॅरेजांतील हवेच्या गनपेक्षा हा थकलेला हातही बरा. गनने नट आवळणारे कारागीर चाक फिरवीत नाहीत. चाक न फिरवता आवळलेले रोलर आपल्या कडेला टेकत नाहीत, आणि हब घट्ट भासूनही कारखान्याच्या वजनकाट्यावर पोहोचेपर्यंत ढिले पडते. त्याच ठिकाणी स्वस्त चेसिस ग्रीस चाकात भरले जाते, जे शंभर अंशांच्या आसपास वितळते, तर लिथियमचे ग्रीस एकशे ऐंशीच्या पुढेही टिकते.

सुईने फट कळते, पण खाच सुटत नाही. ०.२० वर असलेला नट पुढच्या खाचेवर नेला तर फट उणे ०.०५ होते, म्हणजे बेअरिंग दाबले जाते. रूढ उत्तर असे की दोहोंपैकी सैल खाच स्वीकारावी. हे उत्तर सुरक्षित आहे आणि आळशीही आहे. कोन, म्हणजे बेअरिंगची आतली कडी, आणि नट यांमधील वॉशर काचेवर ठेवलेल्या घासकागदावर घासून ०.१ मिलीमीटरने पातळ केल्यास तीच फट मिळवण्यासाठी नटाला आणखी चोवीस अंश फिरावे लागते, आणि छिद्र व खाच यांचे नाते तेवढ्याने बदलते. प्रस्तुत लेखक हे काम हाताने करत आला. शिकाऊ मुलाचे म्हणणे असे की लेथवाल्याकडून तीन जाडींचे वॉशर करून घ्यावेत, त्यांना रंगाचे ठिपके द्यावेत आणि घासणे बंद करावे. या सूचनेत तांत्रिक दोष काढता येत नाही. घासलेला वॉशर एका बाजूला किंचित पातळ राहिला तर नट तिरका बसतो, आणि लेथवरच्या वॉशरला ती भीती नसते. तिच्याविरुद्ध एकच आक्षेप उरतो, तो असा की मग हे काम कोणालाही जमेल, आणि हा आक्षेप मुलापुढे मांडण्यासारखा नसल्यामुळे वॉशरांची मापे लेथवाल्याकडे गेली आहेत.