कोयत्यातली बाई कुठे लिहायची?

"वर्षभरात तुम्ही मुख्यतः काय काम केलं?" हा माझ्या फॉर्मवरचा सगळ्यांत सोपा दिसणारा प्रश्न होता. अर्थशास्त्रात एम.ए. करून मी बायकांच्या आर्थिक-सामाजिक स्थितीच्या एका पाहणीत नुकतीच लागले होते. बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात आमचं काम होतं. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं नुकती परतली होती. अंगणात कुरडया वाळत घालणाऱ्या एका बाईंना मी तो प्रश्न विचारला.

"काई नाई ताई, घरीच असते."

हे सांगताना त्यांचे हात चालूच होते. दावणीला म्हैस होती, तिचं शेणपाणी त्यांनीच उरकलेलं. आणि 'घरीच असणाऱ्या' या बाई दिवाळीनंतर जे घर सोडून गेल्या, ते सगळा हंगाम पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याच्या फडात ऊस तोडून आल्या होत्या.

मला पेन टेकवेना. आमचा फॉर्म केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीच्या धर्तीवर केलेला होता. त्यात माणूस काय करतो याला क्रमांक आहेत. स्वतःची शेती वा धंदा असेल तर ११, घरच्या शेतीत बिनपगारी मदत असेल तर २१, रोजंदारी असेल तर ५१, फक्त घरकाम असेल तर ९२, आणि घरकामाच्या जोडीला सरपण, चारा, रानभाजी गोळा करणं किंवा घरच्यापुरतं शिवणकाम असेल तर ९३. प्रशिक्षणात हे सारं स्वच्छ वाटलं होतं. या अंगणात मात्र पाचातले चार क्रमांक एकाच बाईला लागू पडत होते, आणि तिने स्वतः सांगितलेल्या उत्तराचा क्रमांक होता ९२.

सोबतच्या अनुभवी ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "काम काय करता असं विचारूच नकोस. काल उठल्यापासून काय काय केलं ते विचार." त्या एका सूचनेने पाहणीचा रंग पालटला. देशभरात वेळेच्या वापराची पहिली मोठी पाहणी २०१९ मध्ये झाली, दुसरी २०२४ मध्ये, आणि दोन्हींची रीत हीच आहे: आदल्या दिवशी पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंतचे चोवीस तास, अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडून विचारायचे.

पण अर्ध्या तासाचे तुकडे पाडायला घड्याळ लागतं. बायका वेळ सांगत होत्या ती टँकर आला तेव्हाची, शाळा सुटली तेव्हाची, सकाळची एसटी गेली तेव्हाची. मी गावातून टँकर, शाळा आणि एसटीच्या वेळा लिहून आणल्या आणि मग तुकडे जुळवू लागले. त्याहून अवघड गोष्ट वेगळीच होती. एकीकडे भाकरी थापताना दुसरीकडे पाळण्याची दोरी ओढायची, तोंडाने मोठ्या मुलाचे पाढे म्हणून घ्यायचे, आणि कान टँकरच्या हॉर्नकडे. "या अर्ध्या तासात तुम्ही काय केलं?" असं विचारलं की उत्तर यायचं, "भाकरी केल्या." मूल सांभाळलं हे कुणीच आपणहून सांगत नसे. पुन्हा विचारलं की म्हणत, "ते काय काम हाय व्हय?"

या प्रश्नाचं उत्तर मी त्या रात्री पुस्तकात शोधलं आणि आणखीच चक्रावले. देशाचं उत्पन्न मोजण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांत घरासाठी विहिरीवरून पाणी आणणं, सरपण गोळा करणं हे उत्पादन धरलं जातं. त्याच पाण्याने, त्याच सरपणावर घरच्यांसाठी डाळ शिजवली तर ते धरलं जात नाही. डोक्यावरचा हंडा चुलीपाशी उतरला की बाईचं काम हिशेबाबाहेर गेलं! मार्गारेट रीड या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९३४ मध्येच एक साधी कसोटी सांगितली होती: जे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येतं, ते उत्पादक काम. या कसोटीला स्वयंपाकही उतरतो, पाळणाही उतरतो आणि आजारी सासूची सेवाही उतरते. आपल्याकडे देवकी जैन यांनी १९७०च्या दशकात राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या खेड्यांत बायकांचा वेळ मोजला, तेव्हा सरकारी कागदात 'काम न करणाऱ्या' कितीतरी बायका प्रत्यक्षात कामात दिसल्या. इतक्या वर्षांपूर्वी कळलेली ही गोष्ट मला एम.ए.च्या कुठल्याही तासाला कुणी सांगितली नव्हती, याचं मला अजून वाईट वाटतं.

२०२४च्या पाहणीत देशातल्या घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात असं आढळलं. घरकामाला हात लावणारे पुरुष देतात ८८ मिनिटं. हे बिनपगारी काम आहे. आमच्या गावातल्या बायकांकडे पाहून मला २८९ कमीच वाटले.

मग मी ऊसतोडीच्या पानाकडे वळले. तिथे रकाना होता, 'स्वतःची मजुरी'.

"तुम्हाला स्वतःला किती मिळाले?"

"माजे कसले? आमचा एक कोयता हाय."

तोडीच्या व्यवहारात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा. मुकादम हंगामाआधी उचल देतो ती कोयत्यामागे, आणि ती पुरुषाच्या हातात पडते. दर ठरतो टनावर. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहते. त्याआधी कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, स्वयंपाक करून आलेली असते. पण तिच्या नावाची मजुरी कुठल्याच वहीत नाही. एक दिवस पडून राहिलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कोयत्याच्या हिशेबातून कापले जातात. मिळकत वेगळी दिसत नाही, दंड मात्र दोघांना लागतो.

मला सुचवलं गेलं की कोयत्याच्या रकमेचे दोन भाग करा आणि निम्मा बाईच्या नावे लिहा. मी तसं लिहिलं नाही. रकाना रिकामा ठेवला आणि समासात 'कोयत्यात सामील, वेगळी मजुरी नाही' असं लिहिलं. निम्मी रक्कम लिहिली असती तर कागदावर तिला ती मिळाल्यासारखी दिसली असती.

बाईची मजुरी आणि तिचा खाडा वेगळा दिसणं का महत्त्वाचं, ते या जिल्ह्याला चांगलं माहीत आहे. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. खाडा पडू नये म्हणून दुखणं अंगावर काढणाऱ्या बायका मला प्रत्येक गल्लीत भेटल्या.

बाकीचे प्रश्न लवकर उरकत, पण तेही जपून विचारावे लागत. बँकेत खातं आहे का? लाडकी बहीण योजनेनंतर जवळजवळ प्रत्येक दारात 'हो' येई. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र 'जे तुम्ही स्वतः वापरता असं खातं' अशी शब्दरचना आहे, आणि ती फार नेमकी आहे. "पैसे काढायला कोण जातं?" एवढं विचारलं की पुष्कळदा मुलाचं किंवा नवऱ्याचं नाव येई. "माहेरी जायचं कोण ठरवतं?" या प्रश्नाला नवरा ओट्यावर बसलेला असताना एक उत्तर मिळे, तो बाहेर गेल्यावर दुसरं. आम्ही मग बायकांशी पाण्याच्या रांगेत, नाहीतर शेळ्यांमागे चालत बोलू लागलो.

सरकारी आकड्यांत पंधरा वर्षांवरील बायकांचा श्रमबलातला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. पूर्वी हे वाचून मला निव्वळ आनंद झाला असता. आता मी लगेच पुढचा तक्ता उघडते. काम करणाऱ्या या बायकांपैकी एक तृतीयांशाहून जास्त घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत. त्या मोजल्या गेल्या हे चांगलंच झालं, कारण त्या पूर्वीही राबतच होत्या. पण त्यांच्या हातात पैसा आला का, हे सहभागाचा टक्का सांगत नाही. तो प्रश्न वेगळा विचारावा लागेल, आणि दर पाहणीत विचारावा लागेल.

येती जनगणना १ मार्च २०२७च्या संदर्भाने होणार आहे, म्हणजे लोकांची मोजणी फेब्रुवारीत. तेव्हा गाळप हंगाम चालू असतो आणि हजारो कोयते फडात असतात. प्रगणकांना माझी विनंती आहे की त्यांनी कोपीपर्यंत जावं, आणि तिथल्या बाईला तिच्या कामाबद्दल तिलाच विचारावं. आणि तुमच्या दारात प्रगणक येईल तेव्हा 'ती घरीच असते' असं तिच्या वतीने सांगू नका. तिला बाहेर बोलवा आणि तिचं उत्तर तिला देऊ द्या.