मनोरच्या भिंतीवरचा धडा

आमच्या एकत्र कुटुंबांत चित्रकलेचें कौतुक कधींच नव्हतें. रांगोळी बायकांनीं काढावी आणि गणपतीचें मखर मुलांनीं रंगवावें, एवढीच आमची कलोपासना! तरी साठी उलटल्यावर मीं पेन्सिल हातीं धरली, त्याला कारण आमची आई. ती गेल्यावर तिचें छायाचित्र भिंतीवर लागलें. पण मला काढावयाचे होते ते वाती वळणारे तिचे हात. काढूं लागलों, तों कापूस कोणत्या हातांत असे, अंगठा कसा वळे, कांहींच आठवेना. पन्नास वर्षें समोर असलेले हात मीं कधीं पाहिलेच नव्हते!

अशा खिन्न मनानें गेल्या वैशाखांत मावसभावाकडे मनोरला गेलों. पालघर सोडल्यावर वाघोबाची खिंड लागते. वाघोबा हा वारल्यांचा देव. त्याच्या देवळापाशीं आमची मोटारही क्षणभर थांबली. पुढें मस्तान नाका, आणि मुंबई-अहमदाबाद रस्त्यावरील मालमोटारींचा अखंड गोंगाट. त्याविषयीं न लिहिलेलेंच बरें.

भावाच्या ओळखीच्या एका वारली घरीं नुकतेंच लग्न झालें होतें. गेरूनें सारविलेल्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणींनीं तांदळाच्या पिठानें चौक लिहिला होता. मध्यें पालघट देवी. ‘लिहिला’ हा शब्द त्यांचाच. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि वर वाटोळें डोकें. हें तर पोरही काढील, असें मनांत म्हणून मीं चौकाबाहेरची एक कांडणारी बाई वहींत उतरविली. माझी बाई डमरूसारखी ताठ उभी! पुन्हां भिंतीकडे पाहिलें. तेथें वरचा त्रिकोण किंचित् कलता होता. कांडण्याचे सारे श्रम त्या एका कलांत होते.

मग अंगणांतला बैल काढूं लागलों. घरची म्हातारी मागें येऊन उभी राहिली आणि हंसत म्हणाली, “दादा, कान कुठं लावलेत? बैलाकडं बघा ना!” मीं शिंगांच्या वर कान काढले होते, बैलाचे ते शिंगांच्या खालीं होते. माझा बैल अंगणांतला नव्हताच, डोक्यांतला होता. दोन दिवस तोच बैल काढला. पाय काढणें साधेना, तेव्हां पायांमधली मोकळी जागा काढून पाहिली, आणि पाय आपोआप उभे राहिले!

डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांच्याविषयीं भावानें तेथेंच सांगितलें. लहानपणीं आई गेल्यावर त्यांचें बोलणें खुंटलें, आणि ते मातींत चित्रें काढून मनांतलें सांगत, असें म्हणतात. बायकांच्या लग्नचौकाची ही कला त्यांनीं कागदावर नेली. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते वारले. त्या रात्रीं मला बराच वेळ झोंप आली नाहीं.

घरीं परतलों. वहिनी देवघरापुढें वाती वळीत होत्या. ही विद्या त्यांना आईनेंच दिलेली. वही घेऊन समोर बसलों.

“भावोजी, असें काय पाहतां?”

उत्तर न देतां काढीत राहिलों. तासाभरानें वही त्यांच्यापुढें धरली. त्यांनीं चष्मा सारखा केला.

“सासूबाईंचा अंगठा असा नसे,” त्या म्हणाल्या, आणि दुधाचें बोट पदराला पुसून तो कसा असे तें त्यांनीं दाखविलें.